शहात्तर चिठ्ठ्या

शुक्रवारी दुपारी साडेतीनची बॅच सुरू व्हायच्या जरा आधी शिल्पाचा मोबाइल वाजला. नंबर इतका लांबलचक होता की तिला वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला असेल. उचलला तर पलीकडं वरद. आवाज तुटत होता आणि तिनं बोललेलं त्याच्यापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद लागत होते.

वरद नांदेडचा. वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत होते. गोव्याला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शिल्पा आणि तो चार वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसून संशोधन करत होते. वरदचं पूर्ण झालं. शिल्पाचं राहिलं, कारण तीन वर्षांमागं तिच्या वडलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती सगळं तसंच टाकून लातूरला आली. आता ती औसा रोडवरच्या एका मोठ्या क्लासमध्ये अकरावीला फिजिक्स शिकवत होती. हे २०१० सालचं सांगतोय. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास, त्यांच्यावर होस्टेलं, होस्टेलांखाली मेस आणि चौकाचौकात टॉपरांचे फ्लेक्स असं झालेलं होतं.

वरदचं म्हणणं असं होतं. तो एका परदेशी जहाजावर होता, नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेला, गोठलेल्या समुद्राच्या काठाशी. एप्रिलमध्ये त्यांच्या गटानं तिथल्या एका जाड हिमखंडावर एक पिवळा खोका रोवून ठेवला होता. बर्फ किती जाड आहे, खालचं पाणी किती गरम आहे, याची दर तासाची नोंद त्या खोक्यात साठत होती. खोका रोज आपली जागा तेवढी रेडिओवरून कळवायचा. अठरा ऑगस्टला त्याचा रेडिओ बंद पडला. समुद्रावरचा बर्फ एका जागी थांबत नाही, वारा नेईल तिकडं जातो. गेले सोळा दिवस खोका कुठं फिरतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. वरून ढग, त्यामुळं उपग्रहाचे फोटोही कोरे. जहाजावरच्या संगणकानं दोन पद्धतींनी दोन जागा सांगितल्या होत्या आणि त्या दोन जागांत नव्वद किलोमीटरचं अंतर होतं.

"हेलिकॉप्टरला दोन फेऱ्यांपुरतं इंधन आहे," वरद म्हणाला. "सोमवारी उडायचं, आणि मंगळवारी जहाज परत फिरणार. शिल्पा, वारा आणि बर्फ हा तुझा विषय. एक ठिपका दे मला."

तिनं त्याला सांगितलं की तीन वर्षांत तिनं त्या विषयाचा कागद हातात धरलेला नाही. तो म्हणाला, मग आता धर. वाऱ्याचे आकडे ईमेल केलेत.

साडेतीनच्या बॅचला तिनं व्हेक्टरची बेरीज शिकवली. एक बाण काढायचा, त्याच्या टोकापासून दुसरा सुरू करायचा, त्याच्या टोकापासून तिसरा. शिकवता शिकवता ती मध्येच थांबली आणि खडू हातात धरून फळ्याकडं बघत राहिली. पोरांना वाटलं मॅडम काहीतरी विसरल्या.

घरी येऊन तिनं वडलांना सगळं सांगितलं. किशनराव किल्लारीच्या शाळेत गुरुजी होते. झटक्यानंतर डावा पाय ओढत चालायचे, पण उजवा हात आणि डोकं पहिल्यासारखंच होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला जमून राहिलंय का न्हाई, एवढंच सांग."

"अंदाज आहे, नाना. चुकला तर त्यांची फेरी वाया."

"अंदाजच करावा लागतोय कदी कदी," किशनराव म्हणाले.

दोघांच्याही मनात काय आलं ते सांगायला हवं. १९९३ च्या भूकंपात किल्लारी पडली तेव्हा शिल्पा बारा वर्षांची होती. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. बापलेक अंगणात बाजेवर होते म्हणून वाचले. आई, विठाबाई, घरात होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी लष्कराचे जवान आले तेव्हा गावात गल्ली म्हणून उरलीच नव्हती, सगळीकडं दगडमातीचा एकच ढीग. कुठं खणायचं हे जवान विचारत होते आणि लोक आपापल्या ढिगापाशी बसून नुसते हात दाखवत होते. तेव्हा किशनरावांनी शाळेच्या पडक्या भिंतीखालून भूगोलाचा एक नकाशा ओढून काढला, त्याच्या पाठीवर कोळशानं गल्ल्या काढल्या आणि कुठल्या घरात कोण कुठल्या कोपऱ्यात झोपत असेल ते आठवून आठवून खुणा केल्या. बायको आदल्या दुपारी सापडली होती. त्यानंतर त्यांनी हे केलं. त्या कागदावरून खणत गेल्यावर सहा जण जिवंत निघाले. ही गोष्ट किशनराव कधी कुणाला सांगत नसत. शिल्पानं मात्र तो कोळसा त्यांच्या हातात स्वतः पाहिला होता.

शनिवारी सकाळी तिनं वाऱ्याचे आकडे उघडले. वरदची फेरी सोमवारी, म्हणजे शेवटच्या खबरेपासून एकोणीस दिवस. दर सहा तासांचा एक आकडा, शेवटचे थोडे हवामानखात्याच्या अंदाजातले, असे शहात्तर. तिच्या अकरावीच्या मोठ्या बॅचमध्ये पोरं होती ब्याऐंशी.

ती थेट श्रीपाद सरांच्या केबिनमध्ये गेली. क्लास त्यांचा. माणूस कष्टाळू, एका पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात केलेला आणि वेळापत्रकाच्या बाबतीत कुणाला न ऐकणारा. तिनं रविवारची सकाळ मागितली. सर म्हणाले, "मॅडम, मंगळवारी टेस्ट हाय. पोरांच्या आईबापांनी विचारलं, रविवारी काय केलं, तर मी काय सांगू? बर्फ शोधून राहिले होते म्हणून?"

शिल्पानं शांतपणे सांगितलं की अख्खा व्हेक्टरचा धडा यात येतो, आणि पुस्तकातलं गणित चुकलं तर एक मार्क जातो, इथं चुकलं तर एका माणसाचं वर्षाचं काम जाईल. पोरं आपोआप नीट करतील. सरांनी पेन फिरवत विचार केला. मग म्हणाले, बारा वाजेपर्यंत. त्यानंतर हॉल केमिस्ट्रीला लागतो.

रविवारी सात वाजता हॉल भरला. शिल्पानं फळ्यावर गोठलेला समुद्र काढला, खाली बेटं काढली आणि बेटांपासून साठ किलोमीटर वर खोक्याची शेवटची जागा दाखवली. मग नियम सांगितला. वारा बर्फाला ढकलतो, पण बर्फ वाऱ्याच्या वेगानं जात नाही. खालचं पाणी त्याला धरून ठेवतं. साधारण पन्नासावा हिस्सा धरायचा. वारा ताशी तीस किलोमीटर असेल तर बर्फ ताशी सहाशे मीटर, म्हणजे सहा तासांत साडेतीन किलोमीटरच्या जवळपास. आणि तो सरळ वाऱ्याच्या दिशेनंही जात नाही, थोडा उजवीकडं वळतो.

किशनराव पहिल्या बाकावर काठी टेकवून बसले होते. आलेख काढायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. त्यांनीच विचारलं, उजवीकडंच का?

"पृथ्वी फिरते म्हणून, नाना. उत्तर गोलार्धात लांब जाणारी कुठलीही वस्तू जाता जाता उजवीकडं झुकते. दक्षिणेत डावीकडं झुकली असती. आपण अठ्ठावीस अंश धरू."

मग तिनं चिठ्ठ्या वाटल्या. एका चिठ्ठीवर सहा तासांचा वारा: कुठून, किती. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्यानं त्या सहा तासांत खोका किती आणि कुठं सरकला ते काढायचं. उरलेल्या सहा जणांनी फिरून तपासायचं. एकट्या माणसाला दिवसभर पुरलं असतं असं गणित अर्ध्या तासात झालं. हॉलमध्ये नुसता पेन्सिलींचा आवाज येत होता.

किशनरावांनी आलेखाचे चार कागद चिकटवून भिंतीला लावले होते. पोरं नंबरानं येत, आपला बाण सांगत आणि गुरुजी पट्टी-कोनमापक लावून तो काढत. पहिल्या चोवीस चिठ्ठ्यांत वारा मंद आणि भिरभिरा होता. खोका थोडा इकडं, थोडा तिकडं, जवळजवळ जागच्या जागी. पंचविसाव्या चिठ्ठीपासून उत्तरेचा जोरदार वारा सुरू झाला. रेघ खाली उतरू लागली, जरा तिरपी, पश्चिमेकडं झुकलेली. चौतीस, पस्तीस, चाळीस.

चव्वेचाळिसाव्या चिठ्ठीला किशनरावांनी पेन्सिल खाली घेतली. "शिल्पा, इकडं ये. खोका जमिनीवर चढला."

खरंच, रेघ बेटाच्या किनाऱ्यात शिरली होती. पुढच्या बारा चिठ्ठ्यांत वारा अजून उत्तरेचाच होता. हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, खोका डोंगर चढून पलीकडं उतरला असेल.

शिल्पा हसली नाही. घड्याळात साडेनऊ झाले होते. तिला एकदम तीन वर्षांचं अंतर जाणवलं. ती चूक अगदी ओळखीची होती, आणि तरी ती तिनं केली होती. पन्नासाव्या हिश्श्याचा नियम सुट्या बर्फाचा आहे. बर्फ किनाऱ्यावर रेटला गेला, खंडाला खंड भिडले, की तो नियम चालत नाही. हे तिला माहीत होतं. पण मग तो नेमका कधी थांबला असेल? वर जहाजाच्या संगणकाच्या दोन उत्तरांत नव्वद किलोमीटरचा फरक पडला होता तो इथंच, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. एका पद्धतीनं बर्फ फार लवकर थांबवला होता आणि दुसरीनं फार उशिरा.

तिनं हे सगळं पोरांना जसंच्या तसं सांगितलं. चुकलं माझंच, म्हणाली. आता बर्फ रेटला गेल्यावर काय होतं ते आपल्याला विचार करून काढायचं आहे.

तिसऱ्या रांगेतली गौरम्मा उभी राहिली. देवणीजवळच्या एका खेड्यातली मुलगी, घरी देवणी गाई-बैलांची दावण, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिची चिठ्ठी साठावी होती.

"मॅडम, आमच्या बाजारात जनावरं कुंपणाला लावतात," ती म्हणाली. "मागून कितीबी रेटलं तरी मधी जेवढी मोकळी जागा हाय तेवढंच सरकतंय. जागा संपली की झालं. मग मारलं तरी हालत न्हाई."

"जागा किती होती मग?" शिल्पानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर दिसलं.

वरदच्या ईमेलमध्ये आठवड्याचा बर्फाचा नकाशा होता. त्यात त्या भागापुढं लिहिलं होतं: दहात आठ. म्हणजे दहा भागांतले आठ भाग बर्फ आणि दोन भाग उघडं पाणी. खोक्यापासून किनारा साठ किलोमीटर. त्यातला पाचवा हिस्सा पाणी, म्हणजे बारा किलोमीटर. खोका फार तर बारा किलोमीटर खाली सरकेल. तोवर पुढची सगळी भोकं बुजतील आणि बर्फ किनाऱ्यापर्यंत घट्ट बसेल. तिनं हे फळ्यावर मांडलं. बारा किलोमीटरला चार चिठ्ठ्यासुद्धा लागत नाहीत. त्यानंतर सात दिवस खोका जवळपास थांबलेला, फक्त किनाऱ्याला समांतर पश्चिमेकडं हळूहळू घसरणारा. त्या घसरण्यासाठी तिनं तिच्या जुन्या कामातला आकडा घेतला, दिवसाला दोन किलोमीटर.

सत्तावन्नाव्या चिठ्ठीला वारा फिरला होता. आता नैर्ऋत्येकडून, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडं. पोरं म्हणाली, आता सुटला, लगेच पळवायचा. शिल्पानं गौरम्माकडं पाहिलं.

"लगेच न्हाई," गौरम्मा म्हणाली. या वेळी तिनं उभं राहायलाही वेळ लावला नाही. "फाटक उघडल्यावर फाटकाजवळची आधी जातात. कुंपणाजवळची उगंच उभी राहतात, म्होरं जागा होईस्तोवर."

वर ध्रुवाकडंही बर्फ दाटच होता. तो सैल झाल्याशिवाय किनाऱ्याजवळच्याला वाट मिळणार नव्हती. शिल्पानं एक दिवस थांबवला, चार चिठ्ठ्या. एकसष्टाव्यापासून पुन्हा पन्नासावा हिस्सा, पुन्हा उजवीकडं अठ्ठावीस अंश. किशनरावांची रेघ आता ईशान्येकडून पूर्वेकडं वळत, झपाझप लांब होत गेली. शहात्तराव्या चिठ्ठीवाला मुलगा येऊन आपला बाण सांगून गेला, गुरुजींनी शेवटी एक बारीक गोल काढला आणि काठीवर भार देऊन मागं सरकून पाहिलं.

तो गोल जहाजाच्या दोन्ही जागांपासून दूर होता. एकीपासून पस्तीस किलोमीटर, दुसरीपासून साठ. केमिस्ट्रीचे सर दारात येऊन उभे होते. बारा वाजायला चार मिनिटं होती.

शिल्पानं तिथूनच ईमेल केला. अक्षांश, रेखांश, भोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ आणि खाली कारण: कुठं थांबवला, का थांबवला, कधी सोडला. तिनं त्यात शंकेचं एकही वाक्य घातलं नाही. 

सोमवारी अकरा वाजता वरदचा फोन आला. पहिली फेरी झाली होती. जहाजाच्या प्रमुखाचा स्वतःच्या संगणकावर भरवसा होता, त्यानं हेलिकॉप्टर आपल्या पहिल्या जागेवर पाठवलं. सव्वा तास फिरले, काही सापडलं नाही. आता दुसऱ्या फेरीवरून वाद चालू होता. प्रमुख म्हणत होता की भारतातल्या एका गावात शाळकरी मुलांनी कागदावर काढलेल्या ठिपक्यासाठी मी शेवटचं इंधन कसं जाळू?

"त्याला एवढं विचार," शिल्पा म्हणाली, "तुमच्या संगणकानं बारा किलोमीटरनंतर बर्फ थांबवला की नाही? नसेल थांबवला तर तुमचा खोका आत्ता बेटावर आहे."

वरदनं तसंच्या तसं विचारलं. त्यांनी तपासलं. हे तिला नंतर कळलं. त्या वेळी फोन कटला आणि ती दुपारच्या बॅचवर गेली.

पावणेपाचला ती फळ्याकडं तोंड करून होती. टेबलावरचा मोबाइल थरथरला. क्लासमध्ये फोन घ्यायचा नाही हा नियम श्रीपाद सरांनी स्वतः भिंतीवर लावलेला होता. ते हॉलच्या मागच्या दारात उभे होते, आणि त्यांनीच लांबून हातानं खूण केली, घ्या.

तिनं फोन कानाला लावला, मग काढला आणि स्पीकरवर टाकून माइकसमोर धरला. जोराच्या वाऱ्याचा आवाज हॉलभर घुमला. त्यातून वरद बोलला, मराठीत, अगदी नांदेडच्या घरच्या मराठीत.

"सापडला. उभाच्या उभा हाय. तुझ्या ठिपक्यापासून आठ किलोमीटर. पोरांना सांग, आठ."

ब्याऐंशी पोरं एकदम उठली. बाक वाजवले, वह्या उडाल्या, शेजारच्या हॉलमधून दुसरी बॅच बघायला आली. गौरम्मा मात्र बसूनच राहिली होती. तिनं तोंड ओढणीत लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते शेजारणीलाही कळेना. शिल्पानं तिला हाताला धरून पुढं आणलं, फोनसमोर उभं केलं आणि वरदला सांगितलं की बर्फ कधी थांबला आणि कधी सुटला हे हिनं सांगितलं. पलीकडून वरदनं तिचं नाव, गाव विचारलं. देवणी म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणजे आपल्या शेजारचीच की. तिनं फक्त "हाव" म्हटलं.

त्या संध्याकाळी शिल्पा घरी आली तेव्हा किशनरावांना आधीच कळलेलं होतं. दोन पोरं सायकलवरून सांगून गेली होती. ते ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. तिनं त्यांच्या पायांशी बसून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांनीही ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

"आठ किलोमीटर म्हणजे लई लांब न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस दिवसांनंतर? नाही, नाना. हे म्हणजे दारात जाऊन उभं राहिल्यासारखंच."

मग ती म्हणाली की गोव्याच्या तिच्या सरांना तिनं दुपारीच पत्र लिहिलंय. प्रबंध पुरा करायचा आहे. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. किनाऱ्यावर रेटलेला बर्फ नेमका कुठं थांबतो ते तिला तेव्हा मांडता आलं नव्हतं. आता येईल. क्लास सोडणार नाही, सकाळी लिहीन, दुपारी शिकवीन.  किशनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मंगळवारची टेस्ट झाली. व्हेक्टरच्या प्रश्नांत अख्ख्या बॅचमध्ये फक्त तिघांचे मार्क गेले. श्रीपाद सरांनी तो निकाल दोनदा मोजला आणि गुरुवारी, कुणाला काही न सांगता, क्लासच्या फाटकाला एक फ्लेक्स लावला. टॉपरांच्या फ्लेक्सएवढाच मोठा. त्यावर ब्याऐंशी नावं होती, मध्ये किशनरावांच्या आलेखाचा फोटो, एका बाजूला शिल्पा, दुसऱ्या बाजूला, कुठून मिळवला कोण जाणे, गौरम्माचा शाळेतल्या ओळखपत्रावरचा फोटो. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "आर्टिक महासागरात हरवलेला खोका लातूरच्या विद्यार्थ्यांनी शोधला!"

गौरम्माचे आईवडील देवणीहून जीपनं आले होते. ते फ्लेक्ससमोर उभे राहून एकेक नाव वाचत होते. रस्त्यानं जाणारे लोक थांबत होते. शिल्पाबरोबर किशनरावही आले. त्यांनी काठी टेकवून फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"सर," त्यांनी श्रीपाद सरांना हाक मारली, "काळं मार्कर हाय का?"

सरांनी स्वतः आतून आणून दिलं. खुर्ची मागवली गेली, दोघांनी गुरुजींना दंडाला धरून वर चढवलं, आणि किशनरावांनी त्या मोठ्या अक्षरांच्या मध्ये, नीट जागा करून, 'आर्टिक'मधला राहिलेला अर्धा क घातला.